ओला आवाज

१

अल्बमचं तत्त्व एकच होतं: ज्या खोलीत आपण कधी उभे राहिलो नाही, तिचा घुमारा आपल्या गाण्यात घालायचा नाही.

हल्ली कुणीही न्हाणीघराएवढ्या खोलीत गातं, संगणकावर एक खुंटी फिरवतं आणि आवाज दरीतून आल्यासारखा वाटायला लागतो. कसली दरी आणि कसलं काय! मला या लबाडीची चीड होती, अजूनही आहे. आमचा बँड तिघांचा. मी गिटार वाजवतो आणि गाणी लिहितो. ठोक्या ड्रम वाजवतो आणि रेकॉर्डिंगही तोच सांभाळतो. गाते माझी धाकटी बहीण. पाळण्यात ती इतकी किंचाळायची की वडिलांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. वडील गेले, नाव राहिलं.

ठोक्याच्या काकांचा बर्फाचा कारखाना कधीचा बंद पडला होता. किल्ली ठोक्याकडे होती. आत एक लांबलचक शेड, तिच्या टोकाला ऑफिसची खोली, आणि शेडच्या मधोमध जमिनीत उतरलेली पाण्याची टाकी. दोन पुरुष खोल, कोरडी ठणठणीत, आतून गुळगुळीत सिमेंटची. तोंडावर लोखंडी झाकण. ते सरकवलं की शेडमधली आपली चाहूलसुद्धा आत जाऊन मोठी होऊन परत यायची. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा मी ठोक्याला मिठीच मारली होती.

पद्धत साधी होती. टिटवी ऑफिसच्या खोलीत माइकसमोर गाणार, मधल्या भिंतीतल्या काचेपलीकडे यंत्रांपाशी आम्ही बसणार. तो आवाज वायरीतून टाकीत सोडलेल्या स्पीकरला जाणार. टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात दोरीनं सोडलेला माइक तो टिपून आमच्याकडे परत पाठवणार. तिच्या तोंडचा आवाज आम्ही ‘कोरडा’ म्हणायचो, टाकीतून आलेला ‘ओला’. दोन्ही एकमेकांत मिसळले की झालं गाणं.

पहिल्या दिवशी टिटवी हात चोळत म्हणाली, “दादा, गारठलेय मी. तुझ्या तत्त्वाला एखादी शाल असेल तर दे.”

“गाताना हलायचं नाही. काहीही झालं तरी माइकपासून मान वळवायची नाही.”

“मुंगी चावली तर?”

“मुंगीला नंतर बघू.”

गाणं एका रिकाम्या घराबद्दल होतं. ‘खिडकी’ या शब्दावर चाल उंच चढत होती आणि सगळा जीव तिथेच होता. टिटवीनं तो ओतला. टेक संपला, आम्ही ऐकायला बसलो, आणि ठोक्यानं कपाळाला आठी घातली.

“कोरड्यात ही ‘खिडकी’वर जराशी उतरलीय.”

“मग? चालतं तेवढं.”

“ओल्यात उतरलेली नाहीये.”

आम्ही पुन्हा ऐकलं. वरून टिटवीचा आवाज किंचित घसरत खाली गेला होता आणि खालून नेमका सुरात वर आला होता.

मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलं होतं. रिकाम्या भांड्याला स्वतःचा एक सूर असतो, तो जवळच्या सुराला स्वतःकडे ओढतो, असं मी दोघांना समजावून सांगितलं. ठोक्यानं मान हलवली. त्याला पटलं म्हणून नव्हे, मी बोलायला लागलो की तो तशीच हलवतो.

“म्हणजे टाकी माझ्यापेक्षा सुरात आहे?” टिटवी म्हणाली. “मग माझ्याआधी तिचंच लग्न लावा.”

२

टिटवी बालवाडीत शिकवायची. तिथून आली की चपला काढतानाच मुलांच्या गमती सुरू व्हायच्या. त्या दिवशीही ती हसतच आत आली.

“आज माझीच फजिती झाली. चित्रांचा तक्ता लावला होता. घर, दार, कुलूप, सगळं सांगितलं. मग काठी त्या... त्याच्यावर ठेवली आणि गाडी अडली.”

“कशावर?” आईनं विचारलं.

“अगं, ते. भिंतीत असतं. उघडतं. त्यातून बाहेर बघतात.”

“खिडकी?”

“हां, तेच.”

“मग म्हण की.”

टिटवीनं तोंड उघडलं. ओठ कसे ठेवायचे ते आठवत नसल्यासारखी ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग हसून म्हणाली, “मुलांना वाटलं मी खेळ खेळतेय. सगळी ओरडून मला सांगत होती. कसलं काय, पुढे जाऊच देईनात.”

जेवण झाल्यावर मी तिला पेन दिलं. “लिही बघू.” तिनं कागदावर एक चौकोन काढला, त्यात एक उभी रेघ ओढली आणि माझ्याकडे बघितलं.

“थकलीयेस तू,” मी म्हणालो. शब्द कुणाचेही अडतात. परीक्षेत मला स्वतःचा आसनक्रमांक आठवत नव्हता. मी दिवा मालवून झोपलो.

३

पुढची दोन गाणी झपाट्यानं झाली. एकात ऊन आणि पाणी होतं, दुसरं आईवर होतं. ओला आवाज दिवसेंदिवस असा होत गेला की कोरडा त्याच्या शेजारी लावायची लाज वाटावी. त्यात घुमारा तर होताच, पण आणखी काहीतरी होतं. एखादा माणूस फार जवळ येऊन, तुमच्या कानाला तोंड लावून, फार मोठ्या जागेतून बोलतोय असं वाटायचं. या दोन गोष्टी एकत्र शक्य नाहीत, हे मला कळत होतं. पण ऐकताना काही बिघडत नव्हतं.

मग ठोक्याच्या मनात आलं की पहिल्या गाण्याचा आणखी एक टेक असावा. टिटवी उभी राहिली. ‘खिडकी’पाशी आली तेव्हा ती थांबली, तेवढी जागा श्वासानं भरून काढली आणि पुढची ओळ धरली. मी काचेतून तिचे मिटलेले ओठ बघत होतो.

माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये खालून ‘खिडकी’ आली. पूर्ण. भरघोस. सुरात.

ठोक्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “तिनं म्हटलंच नाही ते.”

“मागचा टेक मागे वाजत राहिला असेल.”

“नाही राहिला. मी बंद केलाय.”

तो शेडमध्ये गेला, मी त्याच्या मागे. टाकीच्या तोंडाशी स्पीकरची वायर वेटोळं होऊन पडली होती आणि तिचं टोक जमिनीवर मोकळं होतं. आदल्या दिवशी आवराआवर करताना त्यानं ती काढली होती आणि आज जोडायला विसरला होता. म्हणजे टिटवीचा आवाज टाकीत गेलाच नव्हता.

“पत्र्यातून झिरपला असेल,” मी म्हणालो. “शेड तापली की—”

“जे तिनं म्हटलं नाही तेही झिरपलं?”

त्यानं दोरी ओढून माइक वर घेतला. माइकवर वारा अडवायला स्पंजची टोपी असते. गाणारा तोंड फार जवळ नेतो तेव्हा ती वाफेनं ओली होते. टिटवीच्या माइकची रोज व्हायची. ठोक्यानं ही टोपी दोन बोटांत धरली आणि माझ्यापुढे केली.

ती ओली होती. आणि कोमट.

शेडमध्ये कबुतरं एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर जात होती, बाहेर भर दुपार होती. खालच्या सिमेंटला ओल आली असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो. माझंच वाक्य टाकीत उतरलं आणि परत आलं नाही.

४

टिटवी आता आईला हाक मारत नव्हती.

काही हवं असलं की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन चौकटीवर टकटक करायची. तहान लागली तर पेला पुढे करायची. आईनं आधी चेष्टा केली, मग ती दुखावली.

“एवढी मोठी झालीस का, की हाक मारायला जड जातंय?” आई तिला म्हणाली. “मी काय या घरातली मोलकरीण आहे, दार वाजवायला?”

टिटवी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, “घसा बसलाय गं तिचा. उगाच त्रास नको देऊस.”

आईनं तिला डॉक्टरकडे नेलं. त्यानं घसा बघितला, सगळं ठीक आहे, मनावर ताण आहे, असं सांगून विश्रांती घ्यायला लावली. बालवाडीच्या बाईंनीही तेच सुचवलं, म्हणजे येऊ नका असं सांगितलं. मुलं म्हणे घरी जाऊन टीचरची नक्कल करायला लागली होती: तोंड उघडायचं आणि काही बोलायचं नाही.

आईची समजूत काढायला म्हणून मी तिला तिच्यावरचं गाणं ऐकवलं. फक्त ओला आवाज लावला. ‘आई’ हा शब्द त्यात एकदाच येतो, शेवटी, आणि तो संपतच नाही. आईनं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अशी हाक तिनं मला जन्मात मारली नव्हती रे,” ती म्हणाली. “पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावलं. टिटवी दाराच्या चौकटीपाशी उभी होती. तिनं एकदा टकटक केलं. हेडफोनमुळे आईला ते ऐकू गेलं नाही.

५

मी माणूस तर्काचा आहे. शंका आली की प्रयोग करायचा.

मी एक मुद्दाम टाकाऊ गाणं लिहिलं. त्यात गलबत होतं, मशाल होती, शिलेदार होता. असे शब्द, जे गेले तरी घरात कुणाचं काही अडणार नाही. टिटवीनं ते गायलं, चांगलं गायलं, कारण वाईट गाणं तिला येतच नाही. खालून जो आवाज परत आला तो कपाटात तोंड घालून बोलल्यासारखा होता. त्यात घुमारा नव्हता, ओल नव्हती, काहीच नव्हतं.

“शिलेदार,” टेक संपल्यावर टिटवी म्हणाली. “आहे अजून. काय करू त्याचं? दुधाला पाठवू?”

ठोक्या हसला नाही. मीही नाही.

तिनं हेडफोन गळ्यात घेतले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. हल्ली ती वाक्यं वळसा घालून बोलायची, रस्ता खणलेला असला की लोक शेजारच्या गल्लीतून जातात तशी. “तुझ्या गाण्यातलं जातंय, दादा. सगळं नाही. ज्याच्यावर मी जोर देते ते. तिला चांगलं चांगलंच लागतं.”

“तिला म्हणजे कुणाला?”

“तू मला विचारतोयस?”

ठोक्या वायरी गुंडाळायला लागला. “झालं. बंद करू या. आहेत तेवढी गाणी पुरेत.”

“शेवटचं गाणं राहिलंय,” मी म्हणालो. “शेवटाशिवाय अल्बम म्हणजे काय? जिना बांधायचा आणि माडी बांधायची नाही?”

“अरे, तुझी बहीण आहे ती!”

“म्हणूनच. परक्या पोरीकडून असं काम झालं असतं का?”

ठोक्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पहिल्यांदाच त्याला दिसत होतो. “तू माणूस आहेस की टाकी?” तो म्हणाला. कारखान्याची किल्ली त्यानं टेबलावर टाकली, ड्रमच्या काठ्याही तिथेच ठेवल्या, आणि गेला. ठोक्याचं हे असंच आहे. हातातोंडाशी आलेला घास टाकून उठायची त्याला सवयच आहे.

६

टिटवीला मी समजावत होतो. शेडच्या फाटकाशी, दुपारच्या उन्हात, बराच वेळ. असा आवाज पुन्हा कुणाला मिळणार नाही. लोक आयुष्यभर घासतात आणि एका खऱ्या स्वराला मुकतात. आपल्याला तो मिळालाय. शब्द काय, शब्द पुन्हा शिकता येतात, दोन वर्षांची पोरं शिकतात.

ती ऐकत होती आणि मान हलवत होती. मग तिनं माझी बाही धरली.

“नको,” ती म्हणाली.

मी बोलतच राहिलो.

“नको, दादा.” आणि मग, जरा मोठ्यानं, मोडत मोडत, “नको ना.”

इतक्या दिवसांत तिनं काही इतकं खरं म्हटलं नव्हतं. एक छोटासा शब्द, आणि त्यात तिचं सगळंच आलं होतं: पाळण्यातलं किंचाळणं, दाराची टकटक, सगळं. शेवटच्या गाण्यासाठी मी महिनोन्‌महिने जे शोधत होतो, ते माझ्यासमोर माझी बाही धरून उभं होतं.

घरी येऊन मी ते गाणं एका बैठकीत लिहिलं. धृपदात तोच एक शब्द होता.

दुसऱ्या दिवशी कागद वाचून ती पांढरीफटक पडली. पण मी तयारीत होतो.

“तुला नाहीच म्हणायचंय ना?” मी म्हणालो. “मग मला काय म्हणतेस? जी घेतेय तिला म्हण. तिच्या तोंडावर म्हण. इतक्या जोरात म्हण की तिनं घेतलेलं सगळं टाकून द्यावं. मला वाटतं, याच गाण्यानं ते परत येईल.”

खरंच वाटत होतं का? वाटू शकलं असतं. तर्काला धरून होतं. जिथून आवाज परत येतो, तिथून शब्द का येणार नाहीत?

टिटवी बराच वेळ माझा चेहरा वाचत राहिली. लहानपणी मी तिला विहिरीच्या कठड्यावर हात धरून उभं करायचो, तेव्हाही ती अशीच बघायची. तिनं कागद घेतला.

७

ऑफिसच्या खोलीत ती माइकसमोर उभी राहिली. आता ठोक्या नव्हता, म्हणून रेकॉर्डिंगही मीच बघत होतो. टाकीचं झाकण उघडं होतं. स्पीकर मी जोडला नव्हता. त्याची गरज उरली नव्हती.

पहिलं कडवं ती शांतपणे गायली. धृपदाशी आली आणि तिनं तो शब्द म्हटला. तिनं तो टाकीच्या तोंडावर मारला. गळ्याच्या शिरा तटतटून आल्या होत्या, मुठी वळल्या होत्या, टाचा उचलल्या होत्या. आणखी एकदा. आणखी एकदा. दर वेळी कोरडा आवाज बारीक होत गेला आणि ओला भरत गेला. शेवटच्या वेळी माझ्या डाव्या कानात, जिथे टिटवी होती, तिथे फक्त ओठ उघडल्याचा आवाज आला. उजव्या कानात अख्खी शेड भरून गेली. पत्रे थरथरले. कबुतरं एकदम उडाली.

मला राहवलं नाही. मी टॉर्च घेऊन टाकीपाशी पळालो, पोटावर झोपलो आणि खाली बघितलं.

प्रकाशाचा गोल सिमेंटवरून सरकत कोपऱ्यात गेला. आधी दोरी दिसली, मग माइक. माइकपाशी, त्याला अगदी चिकटून, कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ माझ्याकडे होती. केस ओले होते, मानेला चिकटलेले. माझ्या हातून एक खडा सुटून खाली पडला, तिच्या शेजारी वाजला. तिनं मान वळवली नाही. टेक चालू होता.

मी टॉर्च विझवला.

ऑफिसमध्ये परत आलो तेव्हा टिटवी खुर्चीत बसली होती. हेडफोन गळ्यात, हात मांडीवर. तिच्या डोळ्यांत आशा होती, मी काहीतरी घेऊन आलो असेन अशी. मी तिला म्हणालो, “बोल काहीतरी.” तिनं प्रयत्न केला. मी भिंतीतल्या काचेकडे बोट दाखवलं. पाण्याच्या बाटलीकडे दाखवलं. काही नाही. तिच्या चेहऱ्यावरून ती आशा उतरताना मी बघितली. ती हळूहळूच उतरली.

मी बसलो. रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. दुसऱ्या धृपदात माझ्या चुकीनं आवाज फाटला होता. यंत्राची पातळी मी जास्त ठेवली होती. ठोक्या असता तर असं झालं नसतं.

“टिटवी,” मी म्हणालो, “एकदाच. अजून एक टेक घेऊ या?”

ती उठली. मागे सरकत भिंतीला टेकली. दोन्ही हात तिनं पुढे धरले, तळवे माझ्याकडे, आणि तोंड उघडलं. ओठांचा आकार मला स्पष्ट दिसत होता. त्यातून हवासुद्धा बाहेर आली नाही.

खालून, उघड्या टाकीतून, माझ्या हेडफोनमध्ये आवाज आला. “नको.” टिटवीचाच, पण तिच्यापेक्षा कितीतरी सुंदर. “नको, दादा. नको ना.”

इतकं स्वच्छ काही आम्हाला आजवर मिळालं नव्हतं. मी पातळी थोडी खाली घेतली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणालो, “पुन्हा.”